आधी गणित, मग परीक्षानळी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘मुलांचे पुढचे शिक्षण’ या कार्यक्रमात केलेले भाषण)

 

आज विद्येच्या देवतेपुढे अशा एका विद्येबद्दल बोलायचे आहे, जिचे नाव काढले की पाहुणे हमखास विचारतात, “पण त्यात नोकरी काय?” विषय आहे सैद्धांतिक आणि संगणकीय भौतिक रसायनशास्त्र. आमची पुतणी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एम.एस्सी. करून यातच पुढे जायचे आहे. आमच्या थोरल्या बंधूंचा आग्रह सॉफ्टवेअरच्या कोर्सचा. आम्ही पडलो सरकारी बांधकाम खात्यातले, सिव्हिल डिप्लोमावाले. पण दोघांच्या मध्ये बोलायचे तर विषय कळला पाहिजे, म्हणून रोज संध्याकाळी तिच्याकडूनच समजून घेतला.

आमच्या खात्यात पूल आधी कागदावर उभा राहतो. भार किती, लोखंड किती, हे ठरल्यावरच खडी पडते. रेणूचेही तसेच. तो टिकेल का, कोणत्या आकारात राहील, अभिक्रियेत किती ऊर्जा लागेल, हे परीक्षानळी हातात घेण्याआधी गणिताने सांगणे, हे या शास्त्राचे काम.

याचा पाया म्हणजे श्रोडिंगरचे १९२६ सालचे समीकरण. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन एकच, तिथे उत्तर तंतोतंत निघते. हेलियममध्ये दोन झाले की ते एकमेकांना ढकलतात आणि नेमके उत्तर कागदावर मांडता येत नाही. पाण्याच्या एका रेणूत तर दहा! म्हणून विचारपूर्वक अंदाज करावे लागतात. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड, म्हणून अणुकेंद्रके जागच्या जागी स्थिर आहेत असे धरून इलेक्ट्रॉनांचा हिशोब करायचा, ही युक्ती बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये दिली. पुढे वॉल्टर कोन यांनी प्रत्येक इलेक्ट्रॉनचा माग काढण्याऐवजी त्यांच्या घनतेवरून हिशोब करण्याचा मार्ग दाखवला, आणि जॉन पोपल यांनी असली गणिते संगणकावर सोडवण्याच्या पद्धती रूढ केल्या. दोघांना १९९८ चे नोबेल मिळाले. आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे पुणे विद्यापीठात डॉ. श्रीधर गद्रे यांनी रेणूंभोवतीच्या विद्युत्-विभवावर केलेले संशोधन. त्यांना १९९३ चा भटनागर पुरस्कार मिळाला.

संगणक आहे म्हणजे बटण दाबले की झाले, असे मात्र नाही. अतिशय अचूक मानल्या जाणाऱ्या एका पद्धतीत रेणू दुप्पट मोठा झाला की काम १२८ पट वाढते. एका तासाचे गणित पाच दिवसांवर जाते. कुठे किती अचूकता पुरेशी, हे ओळखणे हेच खरे कौशल्य. गल्लीतल्या मोरीला कोणी मोठ्या पुलाचे डिझाइन लावत नाही!

मुलांनी तयारी कशाची करावी? कलन, रेषीय बीजगणित, पुंज यांत्रिकी आणि सांख्यिकीय यांत्रिकी. शिवाय लिनक्सवर काम करण्याची सवय आणि पायथन किंवा फोर्ट्रान. एम.एस्सी.त प्रयोगशाळा सुटत नाही, प्रात्यक्षिके करावीच लागतात. आयआयटीत प्रवेशासाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते. पुढे पीएच.डी.ला पाच वर्षे तरी धरून चालावे. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये असा सध्याचा दर आहे.

बंधूंची भीती खोटी नाही. वाट लांब आहे आणि प्राध्यापकाच्या जागा थोड्या. पण आपल्या हैदराबादेत औषध कंपन्या आहेत आणि औषधाचा रेणू शोधताना हेच गणित लागते. शिवाय प्रोग्रामिंग तर ती शिकणारच आहे. तेव्हा आम्ही घरात असे सुचवले : तिने यंदा गणित पक्के करावे, सुट्टीत एखाद्या प्राध्यापकांकडे छोटा प्रकल्प करावा आणि त्यानंतरही ओढ टिकली तर कोणी अडवू नये. बंधूंनी अजून होकार दिलेला नाही, पण जॅमचा फॉर्म भरायला पैसे दिले आहेत.

याच शहरात उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झाले, तेव्हा शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्या मागच्या पिढ्यांनी उर्दूतून विज्ञान शिकले आणि नाव काढले. मग आताच्या मुलांना गणिताची भाषा का जमणार नाही?

मंडळाला एकच विनंती. आपल्या शिष्यवृत्तीत इंजिनिअरिंग-मेडिकलबरोबर एम.एस्सी.च्या मुलांचाही विचार व्हावा. आणि गणपतीच्या आरतीला एखादी मुलगी भेटली, तर पॅकेज विचारण्याआधी, “काय शिकतेस, आम्हालाही सांग,” एवढे जरूर विचारावे.