डब्यातील बॉयलर आणि रुळांचा सांधा



ज्या छत्तीसगढाचा कारभार एके काळी नागपूरकर भोसल्यांचे सुभेदार रतनपुरास बसून पाहत, त्या भूमीत मराठीतून चार शब्द बोलण्याची मुभा आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. येथे भिलाईत रूळ घडतात, आणि माझी उमेदीची वर्षे त्या रुळांवरून धावणाऱ्या गाड्यांच्या दुरुस्तीत गेली. म्हणून इंजिन आणि उतारूंचा डबा एकाच चौकटीवर बसवून आगगाडीचा प्रवास स्वस्त करू पाहणाऱ्या एका जुन्या कल्पनेविषयी, आणि त्याच कल्पकाच्या हातून निपजलेल्या एका लोखंडी पट्टीविषयी आज बोलावे, असे मी योजिले आहे.

विल्यम ब्रिजेस ॲडम्स हा इंग्रज गृहस्थ मूळचा घोडागाड्या बांधणाऱ्यांपैकी. १८३७ साली त्याने त्या विषयावर ग्रंथही लिहिला होता. हलक्या चाकांवरून माणसे सुखाने कशी न्यावीत, हाच ज्याच्या जन्माचा व्यवसाय, त्याला शाखामार्गावरच्या मूठभर उतारूंसाठी अवजड इंजिन, त्यामागे कोळसा-पाण्याची गाडी आणि त्यानंतर डबे, असा सारा लवाजमा चालविणे हा लोखंडाचा व इंधनाचा उघड अपव्यय वाटला, यात नवल नाही. १८४७ मध्ये त्याने ईस्टर्न काउंटीज रेल्वेचे इंजिनियर जेम्स सॅम्युएल यांच्यासाठी सात माणसे बसतील एवढी चिमुकली बाष्पगाडी तयार केली. आणि पुढच्याच वर्षी ब्रिस्टल अँड एक्झेटर रेल्वेसाठी ‘फेअरफील्ड’ ही मोठी गाडी बांधली, जिच्या एका टोकाला उभा बॉयलर व यंत्र, आणि त्याच चौकटीच्या उरलेल्या लांबीत पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे उतारू, अशी व्यवस्था होती. टिव्हर्टनच्या शाखेवर ती काही काळ धावली.

अर्धशतक उलटल्यावर ग्रेट वेस्टर्न रेल्वेने हीच कल्पना पुन्हा हाती घेतली, आणि १९०३ पासून अवघ्या पाच वर्षांत अशा नव्याण्णव गाड्या बांधल्या. त्यांची रचना पाहून कोणाही यंत्रज्ञाचे मन प्रसन्न व्हावे. दोन्ही टोकांना चालकाची खोली असल्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन वळविण्याचा खटाटोप उरत नसे. चालक पुढच्या टोकाला गेला तरी आगवाला बॉयलरपाशीच राही, आणि दोघांमधला संदेश घंटेवरून चाले. मात्र कारखान्याच्या दैनंदिन कामात जो मुरला आहे त्याला या रचनेतील वैगुण्य चटकन जाणवते. बॉयलर ठराविक मुदतीने थंड करून धुवावा लागतो, त्याची राख काढावी लागते, नळ्या साफ कराव्या लागतात. डब्याला तर झाडलोट, रंगरोगण आणि स्वच्छ बैठका हव्यात. एक कोळशाच्या काजळीत नांदणारा, दुसरा तिच्यापासून जपावयाचा. आणि दोघांची गाठ अशी पक्की की एकाची नळी गळली म्हणजे दुसऱ्याच्या साऱ्या बैठका शेडमध्ये रिकाम्या पडाव्यात. शिवाय उतारू वाढले आणि मागे आणखी एक डबा जोडावा म्हटले, तर चढावर त्या लहानशा यंत्राचा दम तोकडा पडे. अखेर कंपनीने यातील कित्येक गाड्यांमधून बॉयलर काढून घेऊन त्यांचे साधे डबे केले आणि त्यांना स्वतंत्र लहान इंजिने जोडली. आपल्याकडेही ईस्ट इंडियन रेल्वेसाठी १९०७ साली नॅस्मिथ विल्सन कंपनीने घडविलेल्या अशाच एका गाडीचे इंजिन पुढे शंटिंगच्या कामी लावले गेले. ‘फिनिक्स’ या नावाने ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल संग्रहालयात आहे, आणि दिल्लीस गेलो की मी त्याचे दर्शन घेतल्यावाचून परतत नाही.

आता त्या पट्टीकडे वळतो. त्या काळी दोन रूळ जोडताना काही ठिकाणी त्यांची टोके निम्म्या जाडीची करून एकमेकांवर बसवीत. म्हणजे जेथे ताण सर्वांत अधिक तेथेच लोखंड सर्वांत कमी! हे ॲडम्सला खुपले, आणि ज्या १८४७ साली त्याची चिमुकली गाडी निघाली त्याच साली रॉबर्ट रिचर्डसन याच्यासह त्याने फिशप्लेटचे पेटंट घेतले. रुळाच्या दोन्ही अंगांना पट्टी, आरपार बोल्ट, आणि उन्हात लोखंड वाढले तर त्याला सरकण्यापुरती मोकळीक: रूळ जोडलेले, तरी आपापल्या प्रकृतीने वागण्यास मोकळे. स्वतःच्या गाडीत बॉयलर आणि डबा यांना जी मोकळीक त्याने दिली नाही, ती रुळांना दिली. आणि गाडी विस्मृतीत गेली तरी ही पट्टी जगभर पसरली, याचे कारण मला येथेच दिसते.

भिलाईने तर त्याच्याही पुढचे पाऊल टाकले आहे. तेरा मीटरांच्या वीस रुळांचा दोनशे साठ मीटरांचा पट्टा करावयाचा तर एकोणीस सांधे पडत. आज येथे एकशेतीस मीटरांचा अखंड रूळ निघतो, आणि तेवढ्याच पट्ट्याला एकच सांधा, तोही विजेच्या उष्णतेने वितळवून एकजीव केलेला, पुरतो. ॲडम्सने रुळाला दिलेली मोकळीक आपण परत घेतली आहे, कारण स्लीपर आणि खडी यांची पकड आता एवढी भक्कम झाली की वैशाखातले पोलादही जागचे हलत नाही. त्याचा ताण मात्र कोठे जात नाही, तो रुळातच राहतो.

आज पदवी स्वीकारणाऱ्या आपणांपैकी ज्या कोणाची नेमणूक येथील रूळ घडविणाऱ्या मिलमध्ये होईल, त्याने किंवा तिने तो एकुलता एक सांधा तपासताना काय आढळले, हे मला सवडीने पत्राने कळवावे. मी त्या पत्राची वाट पाहीन.