देवदार खरा कोणता?

श्रोतेहो, प्रतापगडच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला आपण जाता, तेव्हा वाटेवर साग, ऐन, मोह, तेंदू दिसतात. देवदार या रानात एकही नाही. तो पश्चिम हिमालयातला, सुमारे ५,००० फुटांच्या वर थंडीत वाढणारा. तरी ‘देवदारी खोके’ हा शब्द आपल्या तोंडी आहेच! त्या खोक्याची फळी पुष्कळदा चीडची किंवा दुसऱ्याच कुठल्या हलक्या लाकडाची असते. नाव तेवढे देवदाराचे.

मग खरा ओळखावा कसा? लाकडाचा रंग नि वास पाहून शास्त्रज्ञ झाडाचे कूळ ठरवीत नाहीत. फूल, फळ, बी पाहतात. देवदाराला फूलही नाही नि फळही नाही. त्याचे बी शंकूच्या खवल्यावर उघडेच असते. हा शंकू फांदीवर ताठ उभा राहतो आणि पिकला की झाडावरच खवला-खवला सुटून पडतो. चीडचा शंकू अखंड खाली येतो. लिनीअसने १७५३ साली लेबाननचा देवदार चीडच्याच प्रजातीत घातला होता. पुढे ‘सीड्रस’ ही निराळी प्रजाती मानली गेली, कूळ मात्र चीडचेच राहिले. तीत हिमालयाचा, लेबाननचा आणि आफ्रिकेतल्या ॲटलास पर्वताचा असे तीन देवदार आहेत. सायप्रस बेटावरच्याला कोणी चौथा म्हणतात, कोणी लेबाननच्याच पोटात घालतात.

बाकीचे सारे उसन्या नावाचे. तुनाचे लाकूड तांबूस नि सुवासिक, म्हणून इंग्रजांनी त्याला ‘लाल सीडर’ म्हटले. पण तून कडुनिंबाच्या कुळातला, आपल्या रोहनाचा भाऊबंद. पेन्सिलीचा ‘सीडर’ म्हणजे जुनिपर. आणि बंगालात ज्याला देवदारू म्हणतात, तो आपल्याकडे शाळेच्या कुंपणाशी लावलेला उंच आसुपालव, सीताफळाच्या गोतातला! गुरुजींनी त्याचे पान आणि सीताफळाचे पान मुलांपुढे शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

हे नुसते नावांचे भांडण असते तर मी आपला वेळ घेतला नसता. पण आयुर्वेदात देवदारू औषध आहे. बाजारातल्या ढलप्याला ना पान असते ना शंकू, तेव्हा वैद्याने सांगितला असेल तर तो जाणत्याकडूनच घ्यावा. घरातल्या खोक्याची फळी मात्र कृपा करून उगाळू नका.