माती मोजणाऱ्या किरणयंत्राची परीक्षा

रस्त्याचा भराव रोलरने दाबून झाला की वरून तो सर्वत्र सारखाच दिसतो. कोठे घट्ट व कोठे पोकळ हे डोळ्यांना उमगत नाही. ते उमगते दोन पावसाळे गेल्यावर, रस्ता खचू लागला म्हणजे. यासाठी दाबलेल्या मातीची घनता व ओलावा जागेवरच मोजावा लागतो. जुनी रीत अशी की, भरावात लहानसा खड्डा खणावयाचा, निघालेली माती तोलून भट्टीत १०५ ते ११० अंश सेल्सियसवर सुकवावयाची आणि खड्ड्यात वाळू ओतून त्याचे आकारमान काढावयाचे. रीत भरवशाची खरी. परंतु माती सुकून आकडा हाती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो, आणि तोवर रोलर पुढे गेलेला असतो.

१९५० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी गॅमा किरण व न्यूट्रॉन यांच्या साहाय्याने हेच मोजमाप करण्याची पद्धत मांडली. पुढे तिच्यातून निघालेल्या सुटसुटीत यंत्रात सामान्यतः सीझियम-१३७ व अमेरिसियम-बेरिलियम अशी दोन उगमद्रव्ये असतात. माती जितकी घट्ट, तितके सीझियमचे गॅमा किरण गणकापर्यंत कमी पोहोचतात. दुसऱ्या द्रव्यातून सुटणारे वेगवान न्यूट्रॉन पाण्यातील हायड्रोजनवर आदळून मंदावतात. मंद न्यूट्रॉनांच्या गणतीवरून ओलावा कळतो. काम मिनिटा-दोन मिनिटांचे.

मेख येथेच आहे. यंत्र घनता मोजत नाही. ते केवळ गणती करते. सीझियमचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे, म्हणजे दरसाल त्याची शक्ती दोन टक्क्यांहून थोडी अधिक घटते. किरण कमी आले ते माती घट्ट म्हणून की द्रव्य जुने म्हणून, हे यंत्राला कसे कळावे? ते आपले माती घट्ट असल्याचे सांगून मोकळे होते, आणि कच्चा भराव पक्का म्हणून मंजूर होतो. म्हणून रोज काम आरंभण्यापूर्वी यंत्र त्याच्या प्रमाण-ठोकळ्यावर ठेवून गणती घ्यावयाची व मागील दिवसांच्या गणतीशी ताडून पाहावयाची. फरक एक-दोन टक्क्यांपलीकडे गेला तर यंत्र बाजूला ठेवणे बरे.

किरणोत्सर्ग मुळातच अनियमित. दहा हजारांच्या गणतीत शंभराच्या आसपास चढउतार स्वाभाविक होय. तो फार वाढला तर गणकात बिघाड आहे असे समजावे. आणि गंमत अशी की, आकडे वाजवीपेक्षा फारच एकसारखे आले तरीही संशय घ्यावा.

ओलाव्याची फसगत याहून सूक्ष्म. न्यूट्रॉनाला पाण्यातला हायड्रोजन व खनिजातला हायड्रोजन निराळा दिसत नाही. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीतील लोह व ॲल्युमिनियमच्या खनिजांत हायड्रोजन बांधलेला असतो. भट्टीच्या साध्या आचेने तो सुटत नाही, पण यंत्र त्याची गणना ओलाव्यात करते. अभ्रक व कुजका पाचोळा यांचीही तीच कथा. उलट बोरॉन वा क्लोरीन असलेली माती न्यूट्रॉन गिळते व ओली असूनही कोरडी भासते. अरुंद चरात यंत्र ठेवले तर भिंतींतील ओलावाही हिशेबात येतो.

याला उपाय जुनाच : नव्या खाणीची माती आली की काही ठिकाणी यंत्राचा आकडा घ्यावयाचा, तेथलीच माती भट्टीत सुकवावयाची आणि दोहोंतील अंतर दुरुस्ती म्हणून यंत्रात भरावयाचे. किरणयंत्र आले तरी वाळूची बरणी व तराजू कामाच्या जागेवरून हललेले नाहीत ते यामुळेच.