हरकतीची मुदत आणि दवंडी

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. सरकारचे म्हणणे चावडीवरून निघून लोकांच्या दारापर्यंत येई. आज तेच म्हणणे संकेतस्थळावर ठेवले जाते आणि ते शोधत जाण्याचे काम नागरिकाच्या माथी येते.

याची किंमत कोण मोजतो? अकोल्याहून मालेगाव, वाशिममार्गे नांदेडकडे जाणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. अशा रस्त्यांसाठी जमीन घेताना १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याखालील अधिसूचना केंद्राच्या राजपत्रात निघते. हरकतीची मुदत अवघी २१ दिवस, आणि ती राजपत्राच्या तारखेपासून धावू लागते. स्थानिक वर्तमानपत्रांत सारांश द्यावा लागतो, हे खरे. परंतु ज्या घरी वर्तमानपत्रच येत नाही, तेथे हक्क केव्हा संपला हेही कळत नाही.

यावर एक साधे साधन १९९९ पासून उपलब्ध आहे. त्याचे नाव आरएसएस फीड. या तीन अक्षरांचा नागपूरच्या संघटनेशी काही संबंध नाही! कार्यालय आपल्या नव्या सूचनांची यादी मथळा, तारीख व दुवा यांसह ठेवते. नागरिकाच्या मोबाइलमधील फीड-वाचक ती ठरावीक वेळाने तपासतो आणि नवे असेल ते पुढे आणतो. त्यासाठी पैसे पडत नाहीत, की आपला फोन क्रमांक कार्यालयाला द्यावा लागत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या मजकुराचा उगम ठाऊक नसतो; येथे बातमी थेट कार्यालयाकडून येते. केंद्राचे पत्र सूचना कार्यालय असे फीड देते. वाशिमच्या सहाही तालुक्यांतील प्रत्येक कार्यालयाने, विशेषतः भूसंपादन पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, ते मराठीत द्यावे, अशी मागणी झाली पाहिजे.

ही मागणी म्हणजे याचना नव्हे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम सांगते की, कोणी मागण्याची वाट न पाहता शासनाने माहिती नियमितपणे लोकांपर्यंत पोहोचवावी आणि तसे करताना स्थानिक भाषेचा विचार करावा.

आणि ज्याच्या हाती मोबाइल नाही, त्याचे काय? गावातील एखाद्या जागरूक तरुणाने रोज फीड पाहावे, कामाची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी. यंत्राने आणलेली बातमी अखेर माणसानेच माणसापर्यंत न्यावी लागते. हक्क कायद्यात असून भागत नाही; तो मुदतीच्या आत हाती यावा लागतो.