बीटी म्हणजे काय?



'माळ' या शब्दातले एक अक्षर बदलले, की 'माठ' होतो. हे आपण मागच्या खेपेला शिकलो. आज आम्ही अशाच एका लिपीची गोष्ट सांगणार आहोत.

मातीत डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. प्रत्येक जंतूच्या अंगात जणू एक पोथी असते. तिच्यात अक्षरे चारच, पण ती लाखो वेळा लिहिलेली. १९९५ साली अमेरिकेत एका जंतूची पोथी पहिल्यांदा पुरती वाचली गेली. तिच्यात सुमारे १८ लाख अक्षरे निघाली! या पोथीतल्या एकेका ओळीला जनुक म्हणतात. कोणते काम कसे करायचे, ते त्या ओळीत असते.

पण ओळ वाचली म्हणजे अर्थ कळला काय? नाही. मग शास्त्रज्ञ ती ओळ खोडून पाहतात. जंतूचे कोणते काम बंद पडले, ते दिसते. नाहीतर ती ओळ दुसऱ्या जंतूत घालून पाहतात.

आपल्या पऱ्हाटीचेच घ्या. बीटी हे मातीतल्या एका जंतूचे नाव. त्याने रेशमाचे किडे मरतात, हे १९०१ साली जपानात दिसले. १९८१ साली शास्त्रज्ञांनी त्याचे एक जनुक दुसऱ्या जंतूत घातले. तोही तेच विष बनवू लागला! जनुकाचे काम उमगले. पुढे असे जनुक कपाशीत घातले. आपल्या देशात २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली.

हे विष बोंडअळीच्या आतड्याला भोके पाडते. मावा, तुडतुडे यांना त्याने काही होत नाही. अन् अळीच्या अंगातही पोथी असतेच. तिची अक्षरे बदलली, की विष तिला लागत नाही. गुलाबी बोंडअळीचे तसेच झाले. २०१७ साली तिने आपल्या जिल्ह्यात बोंडे पोखरली. त्याच हंगामात फवारणीची विषबाधा होऊन आपली माणसे दगावली. ते दुःख आपण विसरलो नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. पाकिटावर बीटी दिसले, तर विचारा, 'कोणत्या किडीवर?' फरदड ठेवू नका. तिच्यावर गुलाबी अळी पोसते. औषधाच्या डब्यावरचे वाचल्यावाचून फवारणीला हात घालू नका.

आता आपल्याला वाचता येते. ते शेतातही कामी येऊ द्या.