गावची राने, प्रदेशनिष्ठ जाती आणि शाळेची नोंदवही

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील व्याख्यान)



सह्याद्रीच्या माथ्यावर आणि कोकणच्या सड्यांवर अशा कित्येक वनस्पती व प्राणी आहेत की, ते जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. शास्त्रात त्यांना प्रदेशनिष्ठ जाती असे म्हणतात. वड, पिंपळ, कावळा, साळुंकी यांचे घर विस्तीर्ण असते. एका गावातून ती नाहीशी झाली तरी शेजारच्या गावातून पुन्हा येऊ शकतात. प्रदेशनिष्ठ जातीला ही सोय नाही. एखाद्या जातीचे सारे घर म्हणजे एक कडा, एक सडा किंवा देवळाजवळचे एक कुंड एवढेच असते. ते मोडले की ती जात पृथ्वीवरूनच गेली.

तापीच्या खोऱ्यापासून कन्याकुमारीच्या बाजूपर्यंत सुमारे 1,600 किलोमीटर लांबीची ही डोंगररांग आहे. तिच्या पश्चिम अंगावर चार महिने पाऊस अक्षरशः कोसळतो आणि उरलेले आठ महिने तोच कातळ उन्हाने तापतो. उंच पठारे एकमेकांपासून खोल दऱ्यांनी तुटलेली आहेत. समुद्रातील बेटांवर जशी निराळी जीवसृष्टी घडत जाते, तशी ती या पठारांवरही घडली. ज्यांना चालता उडता येत नाही, किंवा ज्यांना ओलाव्याची क्षणोक्षणी गरज असते, ते जीव आपल्या जागी अडकून पडले आणि हजारो पिढ्यांत आपल्या भाईबंदांहून वेगळे झाले. सह्याद्रीतील बेडूकवर्गाच्या निम्म्याहून पुष्कळ अधिक जाती केवळ याच रांगेत आढळतात, याचे कारण हे आहे. 2012 साली पश्चिम घाटाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही स्थळे आहेत.

एवढा मान मिळालेल्या प्रदेशातही नाव नसलेल्या, कोणी वर्णन न केलेल्या जाती आजही सापडत आहेत. येथे ‘वर्णन’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. रानात एखादे अनोळखी फूल दिसले म्हणजे नवी जात सापडली असे होत नाही. त्या वनस्पतीचा वाळवलेला नमुना अधिकृत संग्रहात ठेवावा लागतो, तिच्या जवळच्या सर्व जातींशी एकेक अवयव ताडून पाहावा लागतो, भेद शब्दांत मांडावा लागतो आणि तो शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध करावा लागतो. वनस्पतींच्या बाबतीत हे वर्णन 2011 सालच्या अखेरीपर्यंत लॅटिन भाषेत लिहिणे आवश्यक असे. 2012 पासून इंग्रजीही चालते. ज्या नमुन्यावरून पहिले वर्णन केले, तो मूळ नमुना पुढे कायमचा पुरावा ठरतो. जमिनीच्या मोजणीत हद्दीच्या दगडाला जे महत्त्व, तेच येथे त्या नमुन्याला.

जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्याचे उदाहरण घेता येईल. तेथील कड्याच्या फटींत शिंदळ माकुडी नावाची एक मांसल, रसाळ वनस्पती वाढते. उन्हाळ्यात ती पाने टाकून नुसत्या काड्यांच्या रूपाने तग धरते आणि पावसाळ्यात गर्द तांबूस, ताऱ्यासारखी फुले धारण करते. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी डालझेल यांनी 1865 साली तिचे वर्णन केले आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. (ज्या गुराख्यांनी या वनस्पतीला ‘शिंदळ माकुडी’ म्हटले, त्यांची नावे कोणत्याच ग्रंथात नाहीत. निदान त्यांनी दिलेले नाव तरी टिकले.) पुढे इतर काही किल्ल्यांवर व घाटमाथ्यावरही ती मिळाली, तथापि प्रत्येक ठिकाणी तिची संख्या अल्पच होती. 1980च्या दशकात जगातील अत्यंत संकटग्रस्त अशा मोजक्या वनस्पतींत तिची गणना झाली. ती फांदीपासून सहज रुजते, त्यामुळे अनेक उद्यानांतून तिच्या कुंड्या दिसतात. परंतु कुंडीतील शिंदळ माकुडी म्हणजे कड्यावरची शिंदळ माकुडी नव्हे. कड्यावर तिच्या फुलाकडे येणारी माशी असते, बी धरणारी फट असते, शेजारची गवते असतात. तो सारा संसार कुंडीत नेता येत नाही.

नाव मिळाल्याने काय साधते, हे आंबोलीच्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होते. आंबोलीस पहिला जोराचा पाऊस झाला की जांभ्या कातळावरच्या उथळ डबक्यांत एक लहान भेक मोठ्या संख्येने जमतो. त्याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात. थोड्याच दिवसांत त्याची वीण आटोपते आणि तो दृष्टीआड होतो. गावच्या लोकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाहिला असणार. शास्त्रात मात्र त्याचे वर्णन 2009 साली झाले. त्याचा एकमेव जवळचा नातलग कोयनेच्या परिसरात असून त्याचे वर्णन 1963 साली झाले होते. त्या वेळी त्याला सामान्य भेकांच्या गटात घातले होते. 2009 साली दोघांची तुलना झाली, तेव्हा या दोन जाती मिळून एक स्वतंत्र कुळी आहे आणि ती महाराष्ट्राच्या सह्याद्रीबाहेर ठाऊक नाही, असे ठरले. आंबोलीच्या भेकाची गणना आज अतिसंकटग्रस्त जातींत होते. वर्षाविहारास येणाऱ्यांच्या मोटारींखाली, नेमक्या विणीच्या रात्री, हे भेक चिरडले जातात. 2009 पूर्वी हीच गोष्ट घडली असती, तर काय नष्ट झाले याचा हिशेबही कोणास मांडता आला नसता.

दुसरे उदाहरण अधिक आशादायक आहे. आंबोलीलाच हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी देवालय व कुंड आहे. त्या कुंडातील बोटभर लांबीच्या एका माशाचे वर्णन 2020 साली प्रसिद्ध झाले आणि नदीवरूनच त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले. 2021 साली महाराष्ट्र शासनाने ते स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले. जैविक विविधता अधिनियम, 2002 या कायद्यान्वये राज्य शासनाला स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून असे स्थळ जाहीर करता येते. वर्णन आणि संरक्षण यांत एवढे थोडे अंतर क्वचितच दिसते. मासा कुंडात पूर्वीपासूनच होता. परंतु नाव नसलेल्या जीवासाठी अर्ज करता येत नाही आणि आदेशही निघत नाही.

येथे देवस्थानाचा उल्लेख आला, तो योगायोगाने नव्हे. पश्चिम घाटात देवरायांनी जे राखले ते अन्य कोणी राखले असते असे वाटत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. तेव्हा भोवतालच्या डोंगरांवरून गेलेले कित्येक वृक्ष व वेल देवराईत सुरक्षित असल्याचे आढळले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या कुळातील वृक्षांची दलदलीतली राई आहे. चिखलात श्वास घेण्यासाठी या वृक्षांची मुळे गुडघ्यासारखी वळून वर येतात. अशा दलदली केरळ व कर्नाटकात ठाऊक होत्या. महाराष्ट्रातील ही राई शास्त्रीय जगापुढे 2018च्या सुमारास आली. गावकऱ्यांनी ती श्रद्धेने राखली होती. तिलाही पुढे वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. या वृक्षांचे बी फार काळ टिकत नाही, ओलाव्यात लवकर रुजले तरच रुजते. म्हणून अशा ओहळाचे पाणी वळवले तर कुऱ्हाड न लावताही राई मरते.

देवराईला निदान देवाचे भय आहे. सड्याला तेही नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे जांभ्याचे सडे उन्हाळ्यात पाहिले तर काळपट दगडावाचून काही दिसत नाही. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर अशी जमीन ‘पोटखराब’ म्हणून लागते. हा शब्द महसुलाच्या सोयीचा आहे. पीक येत नाही एवढाच त्याचा अर्थ. परंतु कागदावरचा शब्द हळूहळू मनात उतरतो, आणि मग सडा म्हणजे कोणत्याही उपयोगास मोकळी जागा असे वाटू लागते. तेथे चिऱ्याच्या खाणी निघतात, सुरुंग लावून कलमांच्या बागा होतात, भोवताली वणवे लागतात. त्याच सड्यावर पावसाळ्यात दीपकाडीची शुभ्र फुले उभी राहतात. ही कंदवर्गीय वनस्पती कोकणच्या सड्यांखेरीज जगात कोठेही नाही. गेंदाच्या व सीतेच्या आसवांच्या कित्येक जाती बोटभर मातीवर आपले सारे आयुष्य दोन-तीन महिन्यांत उरकतात. साताऱ्याकडच्या पठारांवरील पाणथळ जागी वायतुरा फुलतो. त्याचे वर्णन 1982 साली झाले, आणि त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे.

शाळांचा संबंध येथे प्रत्यक्ष येतो. दर पावसाळ्यात वृक्षारोपणाचा कार्यक्रम असतो. गावात मोकळी जागा नसते, म्हणून सरपंच सड्याकडे बोट दाखवतात. कातळ फोडून खड्डे होतात, बाहेरची माती येते, ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लागते आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल जातो. झाडे जगली नाहीत तर श्रम वाया गेले असे म्हणतात. वस्तुतः झाडे जगली तर हानी अधिक होते. सड्यावरील तृणवर्गीय व कंदवर्गीय वनस्पतींना मोकळे ऊन लागते. सावली आणि पालापाचोळा यांखाली त्या टिकत नाहीत. झाड लावणे पुण्याचे काम आहे याबद्दल वाद नाही. पण ते ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, उजाड झालेल्या डोंगरउतारावर व्हावे. सडा उजाड झालेला नसतो. तो तसाच असतो. सरपंचांना हे सांगण्याचा प्रसंग शिक्षकावर येतो, आणि तो अवघड आहे. ज्याच्या हाती त्या सड्यावरील फुलांची दोन-तीन वर्षांची नोंद आहे, त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा संभव अधिक.

यास्तव प्रत्येक शाळेत एक निसर्गनोंदवही असावी. तिचा नमुना छापील असण्याची गरज नाही. तारीख, नेमकी जागा (कोणाच्या शेताचा बांध, कोणत्या ओढ्याचा कोणता काठ), जमीन कातळाची की मातीची, फुलाचा ताजेपणीचा रंग व वास, त्यावर येणारा कीटक, आणि गावातील नाव, एवढे लिहिले तरी पुष्कळ होते. रंग व वास यांचा मुद्दाम उल्लेख केला, कारण वाळवलेल्या नमुन्यात तेच पहिल्याने नाहीसे होतात. गावातील नावे वृद्ध स्त्रियांना, गुराख्यांना, वैदूंना विचारावीत, आणि दोघांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहावीत. कारवी आणि टोपली कारवी ही दोन निराळी झुडपे आहेत. पण नुसते ‘कारवी’ असे टिपले तर पुढे कोणासही उलगडा होणार नाही.

कारवीवरून आणखी एक गोष्ट निघते. ती सामान्यतः सात-आठ वर्षांनी एकदाच बहरते. एवढ्या काळात शिक्षकाची बदली झालेली असते. एका शिक्षकाच्या आठवणीत एक बहर राहील, पुढच्याच्या आठवणीत दुसरा, आणि शाळेच्या आठवणीत एकही राहणार नाही. म्हणून ही नोंदवही शिक्षकाची खाजगी वही असू नये. हजेरीपट व जडवस्तुसंग्रह यांप्रमाणे ती कार्यभाराच्या यादीत घालावी आणि बदलीच्या वेळी सही घेऊन सोपवावी.

नमुन्यांविषयी सावधगिरी हवी. निसर्गनिरीक्षणाच्या तासाला ‘दहा रोपे आणा’ असे सांगण्याची रीत अजून कित्येक ठिकाणी आहे. सामान्य तणाच्या बाबतीत त्याने बिघडत नाही. परंतु कंदीलपुष्प म्हणजे खरपुडीच्या कित्येक जाती एकेका डोंगरापुरत्या मर्यादित आहेत. त्यांचा कंद खाण्याजोगा असल्याने गुराखी मुले तो उकरून खातात; त्यात शाळेची भर नको. मुलांनी चित्र काढावे, पाने मोजावीत, फूल उमलण्याचा दिवस टिपावा. रोप जागचे हलवू नये. बेडूक, मासे, देवगांडूळ यांना बाटलीत भरून आणू नये. आणि दुर्मीळ फुलाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरून सर्वत्र पाठवताना जागेचे नाव घालू नये. नोंदवहीत जागा जितकी नेमकी हवी, तितकीच ती बाहेर मोघम हवी. फुले पाहण्यास येणारी गर्दी रोपे पायदळी तुडवते, आणि उपटून नेणारेही तिच्याबरोबर येतात.

2002च्या अधिनियमाप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती नोंदवही एकदा तयार होऊन कपाटात गेली आहे. शाळेच्या नोंदी वर्षातून एकदा समितीला नकलून दिल्या, तर ती कपाटाबाहेर येण्यास निमित्त मिळेल. एखादी वनस्पती ओळखता आली नाही, तर फुलाचे, पानाच्या दोन्ही बाजूंचे व संपूर्ण रोपाचे छायाचित्र, सोबत नोंदवहीतील उतारा, असे जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवावे. पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र 1955 पासून आहे. तेथील संग्रहात सह्याद्रीच्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपून ठेवलेले आहेत. पत्रात शाळेचा पूर्ण पत्ता आणि ते रोप पुन्हा केव्हा फुलेल याचा अंदाज अवश्य लिहावा, म्हणजे पाहण्यास येणाऱ्या अभ्यासकाची खेप फुकट जात नाही.