गमतीची मजुरी



मोबाइलवर गमतीची चित्रफीत आली की आपण हसतो आणि आणखी चौघांना धाडतो. करमणुकीचा धंदा आपली जाहिरात अशी आपल्याच हातून, फुकट, घरोघर पोचवतो. ती गंमत लिहिणाराला काय मिळते, एवढेच मी आज विचारणार आहे.

अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘द ऑफिस’ ही विनोदी मालिका चालत असे. 2006 च्या उन्हाळ्यात, मालिका बंद असताना, तिच्यातल्या हिशेबनिसांवर दहा छोट्या फिती रचून इंटरनेटवर सोडल्या गेल्या. त्यांना पुढे पारितोषिकही मिळाले. लेखकांनी मोबदल्याचे विचारले, तर उत्तर आले, हा केवळ प्रचार! अहो, नमुन्याचा नग काढायचा झाला तरी लेथवरच्या माणसाची हजेरी लागतेच ना?

5 नोव्हेंबर 2007 रोजी तेथील पटकथालेखकांच्या संघटनेने संप पुकारला. इंटरनेटवरील कामाचा मोबदला ही त्यातली मोठी मागणी. आणि मौज पाहा, फलक घेऊन उभ्या राहिलेल्या ‘द ऑफिस’च्या लेखकांनी तिथेच एक गमतीची फीत काढून यूट्यूबवर टाकली. मालकांसाठी फुकट घडवलेले हत्यार त्यांनी स्वतःसाठी उचलले. (मी आयुष्यभर हस्तपत्रके वाटली, एकही कुणी हसत हसत शेजाऱ्याला दिलेले पाहिले नाही.)

12 फेब्रुवारी 2008 ला, शंभराव्या दिवशी, संप मिटला. चालू मालिकेवरून काढलेल्या फितींच्या लेखनाला किमान दर ठरला. अगदी नव्याने रचलेल्या फितींचा दर मात्र ज्याच्या त्याच्या घासाघिशीवरच राहिला.